संजीवक

भाद्रपदातलं ऊन पायरीवर येऊन बसतं
आणि आंबिया बहाराची संत्री गळायला लागतात.
मग माझ्या दुकानात गर्दी.
रंगराव घोरमाडे खिशातून हिरवं फळ काढून
काचेवर ठेवतात, देठाची बाजू वर.
"पाह्य व बाई, सडा पडून राह्यला सडा."

मी देठ बघते. त्याच्याभोवती पिवळी कड.
जिबरेलिक दीड ग्रॅम, मी सांगते,
आधी अल्कोहोलात विरघळवा, मग शंभर लिटर पाणी,
भर उन्हात मारू नका.
झाडात संजीवक कमी पडलं की देठ हात सोडतो.
ते मान हलवतात.
झाडाचं त्यांना सगळं पटतं.

काचेखाली खत कंपनीचं कॅलेंडर आहे.
तारखांवर लोकांची उधारी,
कोपऱ्यात पेन्सिलीचे माझे ठिपके.
आज सव्विसावा.
सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकले,
आणि चूक नवऱ्याची निघाली.
ब्लाउज छातीला काचतोय,
गल्ल्यातली चिल्लर वाजली तरी डोळ्यांत पाणी.

दहाव्या ठिपक्याची बाई वेगळी होती.
पोपटी साडी, युरियाची पोती स्वतः सरकवलेली,
कंपनीच्या एजंटला बसल्या जागी
पाच टक्के सोडायला लावणारी.
इस्ट्रोजेन चढत होतं तेव्हा, विहिरीला झरे फुटावेत तसं.
मग एके दुपारी उजव्या कुशीत बारीक चमक,
मिरचीचं बी दाताखाली यावं एवढीच.
बीज सुटलं.
त्याचं रिकामं घर मागे राहिलं.
पुस्तकात त्याला पीतपिंड म्हणतात.

हे पिवळं घर रिकामं असूनही राबतं.
प्रोजेस्टेरॉन गाळतं, अंग अर्ध्या अंशाने ऊन ठेवतं,
गादी झटकतं, पाहुण्याची वाट बघतं.
बारा-चौदा दिवस निरोप आला नाही
की बिचारं सुकतं,
आणि सगळी अंथरलेली गादी
देठ सोडते.
यावर फवारा मारा म्हणून
कोणी माझ्या काचेवर काही आणून ठेवत नाही.

रंगराव बाहेर गाडीला ड्रम बांधतात तेवढ्यात
बेबीताई आत येतात, पदर दातात.
"मांगच्या खेपी चाळीस दिवस नाई आली, आता पंधरातच.
रातच्याले आंग भाजते. यायले सांगू नको."
वय विचारते. पंचेचाळीस. नाही तर सत्तेचाळीस, शाळेचा दाखला वाळवीनं खाल्ला.

काय सांगू? संप्रेरक हा शब्द
माझ्या जिभेवर तिच्यासाठी बसत नाही.
"तुमच्या नाल्याकाठच्या जुन्या झाडांचं कसं आहे?"
"त्यायचं काय. एका फांदीले मृग, एका फांदीले आंबिया,
एखाद्या साली कायीच नाई."
बोलता बोलता त्या थांबतात.
"म्हंजे मी सुकून राह्यली का व?"
"नाही हो. हिशोब लावणारं आत थकलंय,
कधी हात सैल सोडतं, कधी घट्ट धरतं."
मोर्शीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव
रंगरावांच्याच बिलाच्या मागे लिहून देते.
पुढच्या बाजूला जिबरेलिक, युरिया, बुरशीनाशक.
त्या बिल दोनदा घडी घालून
कमरेच्या बटव्यात ठेवतात.
"आमच्या सासूले तं लोकं म्हणे वारं लागलं," जाता जाता म्हणतात,
आणि हसतात, आवाज न करता.

रात्री समृद्धी विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसते.
आकृतीत दोन रेषा, एक आधी चढते, एक नंतर.
"आई, हे पाठ करायचं का?"
मी म्हणते, हो.
मग म्हणते, थांब, पेन्सिल आण आधी.

शटर ओढताना ते फळ घरी आणलं होतं.
विळीवर कापलं.
गळलेलं, हिरवं, कोणाला नको असलेलं,
पण आत दहाच्या दहा फोडी
आपापल्या जागी, पातळ सालीत नीट बांधलेल्या.
मीठ लावून खाल्लं.
दात आंबले.